पट्टायातील स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

थायलंडच्या आखातावरील पट्टाया हे एकेकाळी कोळ्यांचे लहानसे गाव होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक सुटी घालविण्यासाठी तेथे येऊ लागले आणि गावाचे शहर झाले. सैनिक गेले, पुढे युरोप-अमेरिकेतील निवृत्त माणसे आली. मायदेशी जेमतेम पुरणाऱ्या निवृत्तिवेतनात तेथे समुद्रकाठी सुखाने राहता येते, अशी या शहराची ख्याती आहे. ती निराधार नाही. परंतु ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर उभी आहे आणि ती कोठवर पुरेल, हे तपासून पाहिले पाहिजे.

पन्नाशी गाठलेल्या परकीयास निवृत्त म्हणून राहावयाचे असेल, तर सर्वसाधारणपणे थाई बँकेत ८ लाख बाटची ठेव किंवा दरमहा ६५,००० बाटचे उत्पन्न दाखवावे लागते. पट्टाया ज्या चोनबुरी प्रांतात आहे, तेथे जानेवारी २०२५ पासून किमान वेतन दिवसाला ४०० बाट ठरले. महिन्याचे २६ दिवस राबणाऱ्याच्या हाती या दराने १०,४०० बाट पडतात. म्हणजे पाहुण्याकडून अपेक्षिलेले उत्पन्न यजमानाच्या किमान कमाईच्या सहापटींहून अधिक आहे. खाणावळीतले जेवण आणि घरकामाची बाई परकीयाला स्वस्त का वाटते, याचे उत्तर बव्हंशी या दोन आकड्यांत मिळते.

अर्थात, पाहुणाही निर्धास्त नाही. त्याची मिळकत एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात. २००७ च्या सुमारास एका पौंडाला साठाहून अधिक बाट मिळत. २०१६ च्या अखेरीस ते पंचेचाळिसाच्या आसपास आले. त्यात ब्रिटिश सरकारचा नियम असा, की थायलंडमध्ये स्थायिक झालेल्याच्या सरकारी निवृत्तिवेतनात वार्षिक वाढ होत नाही. शेजारच्या फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याला मात्र करारामुळे ती मिळते! महागाई भत्त्याची वाट पाहणाऱ्या आपल्याकडील निवृत्त शिक्षकाला या गोठलेल्या रकमेचा अर्थ वेगळा सांगावयास नको. शिवाय परकीयाला स्वतःच्या नावे जमीन घेता येत नाही, आणि परवान्यावाचून नोकरीही करता येत नाही. उतारवयात आजारपण आले, की खासगी रुग्णालयाचे बिल स्थानिक मजुरीच्या मापाने येत नाही.

थाई कामगाराचे वेतन वाढले की पट्टाया महाग झाले, अशी तक्रार करणे म्हणूनच न्याय्य नव्हे. ती वाढ त्याच्या हक्काची आहे. वृद्धांची खरी तक्रार असावयास हवी ती आयुष्यभर वर्गणी घेऊन केवळ राहण्याच्या ठिकाणावरून वाढ नाकारणाऱ्या मायदेशाच्या सरकारकडे. नागरिकांच्या म्हातारपणाची तरतूद परदेशातील अल्प मजुरीवर सोपविणे कोणत्याही सरकारला शोभत नाही.