‘लाईट नाही’ हे तपासले कुणी?

कांद्याची लागण सुरू झाली की साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात विहिरीवरच्या मोटारींना विश्रांती नसते. लाटीपाड्याचे पाणी ज्यांच्या वाट्याला येते ते थोडे निवांत, बाकीच्यांची सारी भिस्त विहिरीवर आणि लाईटवर. नेमका याच दिवसांत स्टार्टर बिघडतो, केबलचा जोड सुटतो. वायरमन दुसऱ्या गावी गेलेला असतो, वाफे अर्धेच भिजलेले असतात, आणि मग घरातलाच कुणीतरी पक्कड व टेस्टर घेऊन पेटी उघडतो. ‘लाईट नाहीच आहे’ असे वर सांगतोही. या वाक्यावर विसंबून आपल्याकडे माणसे तारेला हात लावतात.

लाईट नाही म्हणजे काय? बल्ब लागत नाही, पंखा फिरत नाही, एवढेच. तारेत वीज नाही असा त्याचा अर्थ होत नाही. न्यूट्रलची तार कुठे तुटली वा सुटली की घरातले सगळे दिवे जातात, पण फेज मात्र जिवंत राहतो. इतकेच नव्हे, एखादे बटण चालू राहिले असेल तर बल्बमधून फिरून तोच फेज तुटलेल्या न्यूट्रलमध्येही येतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि लोक म्हणतात, ‘दोन फेज आले.’ दोन फेज आलेले नसतात, न्यूट्रल गेलेला असतो. अशा वेळी ‘काळी वायर आहे, तिच्यात काय असणार’ म्हणून धरणारा फसतो.

घरकुलांच्या आणि जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये आणखी एक दोष सर्रास दिसतो. बटण फेजवर बसवण्याऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. बटण बंद केले की बल्ब विझतो, होल्डर मात्र जिवंतच. स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. म्हणून खोलीतले बटण बंद केले यावर समाधान मानू नये, मेन स्विच पाडावा. आणि तो पाडल्यावरही स्विचच्या वरच्या बाजूला येणाऱ्या तारा जिवंतच असतात, हे पेटी उघडणाऱ्याने विसरू नये.

आता टेस्टरविषयी. बाजारात वीस-तीस रुपयांना मिळणारा हा पेचकस आपल्याकडे घरोघर आहे, आणि त्याच्यावर गावाचा जितका विश्वास आहे तितक्या लायकीचा तो नाही. टेस्टरमधला छोटा दिवा पेटतो तो आपल्या शरीरातून अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो म्हणून. मोठा प्रवाह अडवायला आत एक रोधक असतो. कोरड्या लाकडी फळीवर रबरी चप्पल घालून उभे राहिले तर दिवा मिणमिणतो किंवा दिसतच नाही. दुपारच्या उन्हात विहिरीवर तर पेटलेला टेस्टरही विझलेला वाटतो, हाताची सावली धरून पाहावे लागते. आतला दिवा फुटलेला असला, तर जिवंत तारेवरही तो गप्पच राहणार. उलट कधी जिवंत केबलला लागून गेलेल्या मोकळ्या तारेवरही तो फिकट पेटतो. सांगायचे इतकेच की टेस्टर पेटला तर तार जिवंत धरावी, पण पेटला नाही म्हणून ती मेलेली धरू नये. ओल्या हाताने, किंवा टेस्टर पाण्यात पडून ओला झालेला असताना तर तो वापरूच नये.

जाणते वायरमन यासाठी तीनदा तपासतात. आधी जिथे वीज नक्की आहे अशा जागी टेस्टर लावून तो चालतो याची खात्री करायची. मग पुरवठा तोडून कामाच्या तारेवर लावायचा. आणि नंतर पुन्हा त्या नक्की चालू जागी. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही ना, हे तिसऱ्या वेळी कळते. याला एक मिनिट लागत नाही. दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर असेल तर उत्तमच, फक्त मीटरचा खटका एसी व्होल्टच्या मोठ्या आकड्यावर हवा. बल्ब-होल्डरचा घरगुती टेस्ट-लॅम्प अनेकजण वापरतात. पण शेतीच्या लाईनवर दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात, २३० व्होल्टचा एकटा बल्ब तिथे तोंडावर फुटतो.

थ्री फेजचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची सर्वांत मोठी चूक सांगितली पाहिजे. मोटारीचे काम काढताना एक किटकॅट काढायचा आणि त्या तारेला हात घालायचा, अशी पुष्कळांची रीत आहे. स्टार्टर चालू स्थितीत राहिला असेल तर उरलेल्या फेजमधली वीज मोटारीच्या वाइंडिंगमधून फिरून त्याच तारेत परत येते. तेव्हा तिन्ही किटकॅट काढावेत, तिन्ही तारा एकेक करून तपासाव्यात आणि किटकॅट खिशात ठेवून मगच विहिरीकडे जावे. खिशात का? तर बांधावरून येणाऱ्या सालदाराला किंवा पोराला आत कुणी काम करतो आहे हे माहीत नसते, तो भाबडेपणाने परत लावून मोकळा होतो. काही विहिरींवर ऑटो स्विच बसवलेला आहे, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. आता त्यात मोबाईल स्टार्टरची भर पडली आहे. घरी ओट्यावर बसलेला भाऊ फोन लावतो आणि इकडे विहिरीत उतरलेल्याच्या हातात केबल असते.

सौर पंपाचे गणित याहून वेगळे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना २०२४ साली आली आणि शेतात पॅनेल दिसू लागले. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प पाहिलेल्या आपल्या तालुक्याला त्याचे अप्रूप नाही, पण भीतीही नाही, हीच काळजीची बाब. ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही. कंट्रोलरचे बटण पाडले तरी पॅनेलकडून येणाऱ्या तारा जिवंतच राहतात. एका पॅनेलचा दाब चाळीस-पन्नास व्होल्टच्या आसपास, पण पाच-सहा ओळीने जोडले की तो दोनशेच्या वर जातो. हा डीसी प्रवाह, त्यावर आपला पेचकस-टेस्टर भरवशाचा नाही. पंप चालू असताना पॅनेलचा जोड ओढला तर ठिणगी विझत नाही, जाळ धरते. बंद केल्यावरही कंट्रोलरच्या पोटात काही मिनिटे वीज साठून असते. हे काम पुरवठादाराच्या माणसाकडूनच करून घ्यावे, त्याने चार दिवस लावले तरी.

गावोगावचा ‘झिरो वायरमन’ हा या साऱ्यातला सर्वांत उघड्यावर पडलेला माणूस. डीपीवरचा फ्यूज तोच टाकतो, खांबावर तोच चढतो, आणि कागदोपत्री तो कुणाचाच नसतो. बोर्ड जाऊन २००५ साली महावितरण आली, तरी रात्री-अपरात्री गाव हाक मारते ती यालाच. डीपीला हात लावणे बेकायदेशीर आहे हे त्यालाही ठाऊक आहे, पण पाणी भरायचे राहिले की आपणच त्याला वर चढवतो. त्याला दोष देणे सोपे आहे. २०१६ साली शासनाने छोट्या ग्रामपंचायतींसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याचे ठरवले, त्यासाठी आयटीआय झालेला तरुण हवा होता. आपल्या गावात त्याचे काय झाले, हा प्रश्न ग्रामसभेत कुणीतरी विचारला पाहिजे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी तरी कराव्यात. एक चांगला मल्टिमीटर आणि रबरी हातमोजांची जोडी पंचायतीच्या कपाटात ठेवावी, आणि पाणीपुरवठ्याच्या पंपाची पेटी उघडणाऱ्याला ती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. तुटलेल्या तारेची वर्दी १९१२ वर द्यायची हे पंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहावे, शाळेच्या भिंतीवरही.

घरमालकाने मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. खर्च एखाद-दोन हजारांचा आहे, कांद्याच्या औषधावर एका फवारणीला आपण त्याहून अधिक घालवतो. तो बसवल्यावर महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे. बटण दाबूनही खटका पडला नाही तर तो बदलून घ्यावा.