रस्ता कागदावरच खचतो

पावसाळा आला की खड्ड्यांची चर्चा सुरू होते. ठेकेदाराने डांबर खाल्ले, इंजिनिअरने टक्केवारी घेतली, असे ठरलेले निष्कर्ष निघतात आणि चर्चा संपते. ते खोटेच असतात असे आम्ही म्हणणार नाही. पण रस्ता फुटण्याचे एक कारण तो बांधण्यापूर्वीच, हिशेबाच्या कागदावर तयार होते. रेल्वे व टपाल कामगारांना ते चटकन समजेल. पाकीट ठरलेल्या वजनाच्या वर गेले की काउंटरवरचा कारकून जादा तिकीट लावायला सांगतो. वाघीण जादा भरली तर काट्यावर पकडली जाते आणि दंडाचे भाडे लागते. वजन चुकले की पुढचे सगळे चुकते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

रस्त्याचा हिशेब असा असतो. जेथे काम निघणार तेथे सात दिवस, चोवीस तास माणसे बसवून वाहने मोजतात. मोटारी, रिक्षा, स्कूटर वगळून तीन टन वा त्याहून अधिक भरवजनाचे ट्रक आणि बसेसच हिशेबात धरतात. त्याला वार्षिक वाढीचा अंदाज लावायचा, रस्ता किती वर्षे टिकवायचा तो आकडा घ्यायचा, आणि एक ट्रक रस्त्याची किती नासधूस करतो त्याच्या गुणकाने गुणायचे. उत्तर येते ते इतके दशलक्ष प्रमाण अ‍ॅक्सल असे. प्रमाण अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही बाजूंना जोडचाके असलेला ८.१६ टन भाराचा अ‍ॅक्सल. खडीचे आणि डांबराचे थर किती जाड घालायचे, ते या एका आकड्यावर आणि खालच्या मातीच्या ताकदीवर ठरते.

यात गोम आहे ती त्या गुणकात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून प्रयोग झाला. (ते ट्रक चालवायला लष्कराचे जवान होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.) त्यातून दिसले ते असे, की भार वाढतो त्या प्रमाणात नासधूस वाढत नाही, ती साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर नासधूस सोळापट. अर्ध्या टनाचा मोटारीचा अ‍ॅक्सल सत्तर हजार वेळा जावा, तेव्हा एका प्रमाण अ‍ॅक्सलएवढी झीज होते. आणि सगळे ट्रक फक्त वीस टक्के जादा भरले, तर नासधूस दुपटीवर जाते. वाहतूक वर्षाला साडेसात टक्क्यांनी वाढते असे धरून पंधरा वर्षांसाठी आखलेला रस्ता मग साडेनऊ वर्षांतच संपतो. ठेकेदार कितीही प्रामाणिक असो.

म्हणून वजन खरे घेतले पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका सांगते की, रस्त्यावरील वाहतुकीच्या प्रमाणात दहा ते वीस टक्के ट्रक थांबवून अ‍ॅक्सलचे वजन घ्यावे, आणि तेही दोन्ही दिशांना वेगळे. हे शहाणपणाचे आहे. गोव्यात २०१२ साली खाणी बंद होण्यापूर्वी सांगे-सावर्डे भागातले टिपर जेटीकडे खनिजाने भरून जात आणि रिकामे परतत. तेथे दोन्ही बाजूंची सरासरी काढणे म्हणजे हिशेबाची थट्टाच. पण प्रत्यक्षात काटा लागल्याची बातमी पुढच्या धाब्यावर केव्हाच पोचलेली असते. जादा भरलेले ट्रक तेथेच थांबतात किंवा आडवाटेने जातात, आणि वजन होते ते सज्जनांचे.

प्रत्यक्ष वजन उपलब्ध नसेल तेव्हा वापरण्यासाठी मार्गदर्शिकेत तयार गुणक दिले आहेत. डोंगराळ नसलेल्या भागात दिवसाला दीड हजारांहून अधिक ट्रक असतील तर २००१ साली हा गुणक ४.५ होता, २०१८ साली तो ५ झाला. म्हणजे जादा भार थांबत नाही, याची कबुलीच. त्याच २०१८ साली केंद्र सरकारने जोडचाकांच्या एकेरी अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला तेरा टक्क्यांच्या आत, पण चौथ्या घाताने नासधूस सव्वा नव्हे, दीड नव्हे, एकूण १.६ पट झाली. नवे रस्ते नव्या हिशेबाने बांधता येतील. जुन्या हिशेबाने बांधलेल्या हजारो किलोमीटरचे काय, याचे उत्तर त्या अधिसूचनेत नव्हते.

वाघिणींत २००५ पासून सीसी प्लस सहा, सीसी प्लस आठ असा जादा माल भरायला परवानगी मिळाली, तेव्हा रुळांच्या तड्यांची काळजी गँगमन बांधवांनाच वाहावी लागली. तरी रेल्वेत निदान ट्रॅक कुणाचा आणि वाघीण कुणाची, याचा जबाब एकाच घरात मागता येतो. रस्त्यावर माल व्यापाऱ्याचा, ट्रक मालकाचा आणि रस्ता जनतेचा. १९५०-५१ साली देशातील सुमारे ८९ टक्के मालवाहतूक रेल्वेने होत होती, ती २००७-०८ पर्यंत ३० टक्क्यांवर आली. यात रेल्वे प्रशासनाचा स्वतःचा वाटा मोठा आहेच. पण फुटलेल्या रस्त्याचा खर्च जादा भरणाऱ्याच्या भाड्यात धरला जात नसेल, तर रेल्वेचे भाडे महागच दिसणार.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये स्पष्ट केले की, दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येणार नाही, तो उतरवलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला. कायद्यात ट्रक चालवणाऱ्याबरोबर तो चालवायला लावणाराही दोषी आहे. मग नाक्यावर सापडतो तो ड्रायव्हरच कसा? माल त्याने भरलेला नसतो आणि ‘भरत नाही’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसरा ड्रायव्हर असतो. माल भरला त्या गोदामाच्या काट्याची पावती प्रत्येक ट्रकबरोबर असावी, आणि दंड त्या पावतीवरच्या नावावर लागावा, अशी आमची मागणी आहे. अ‍ॅक्सल वजनाचे आकडेही रस्त्याच्या निविदेबरोबर जाहीर करावेत. मेल मोटारीतून टपालाच्या पिशव्या नेणाऱ्या आपल्या ड्रायव्हर बांधवांना रोज त्याच रस्त्याने जावे लागते.