दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

कळव्याहून लोकलला लोंबकळत ऑफिसला जायचं म्हणजे दादरपर्यंत शर्ट पिळून काढावा इतका घाम. गेल्या पावसाळ्यात त्या ओल्या जीन्सखाली, कमरेवर, एक गोल लाल चट्टा उठला. गजकर्ण! (आईच्या भाषेत नायटा.) आई म्हणाली, डॉक्टरकडे जा. मी अर्थातच केमिस्टकडे गेलो. त्याने काही न विचारता एक ट्यूब पुढे केली. दोन दिवसांत खाज गायब, मी खूश! महिन्याभरात एकाचे चार चट्टे झाले, आणि टॉवेल एकच असल्याने बाबांनाही प्रसाद मिळाला.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ गाठले. त्यांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर दाखवलं: क्लोबेटासॉल. जबरदस्त स्टेरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं, पण बुरशीशी लढणारी तिथली प्रतिकारशक्तीही झोपवतं. आमच्या धंद्यात याला कॅच ब्लॉक रिकामा ठेवणं म्हणतात. एरर दिसत नाही, आत डेटा सडतोय.

अशी स्टेरॉइड मलमं २०१८ साली शेड्यूल एच मध्ये गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझ्याकडे कुणी चिठ्ठी मागितली नाही, हे खरं. पण फी वाचवायला निघालो होतो मीच ना? त्यात २०२० साली जपानी संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांकडून एक नवी बुरशी शोधली. ती अनेकदा टर्बिनाफिनलाही दाद देत नाही. नाव काय, तर ट्रायकोफायटन इंडोटिनी! अभिमान बाळगावा की काय...

असो. आता चट्टा गेला तरी आणखी दोन आठवडे औषध चालू ठेवायचंय. घरात टॉवेल तीन झालेत. बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.