समाजमंदिरांची दिवाबत्ती

सकाळी रक्तदान शिबिर, दुपारी विवाह, सायंकाळी व्याख्यान किंवा एकांकिका आणि परीक्षांचा हंगाम आला की अभ्यासिका, असे नानाविध प्रसंग ज्या एकाच छताखाली साजरे व्हावयाचे, त्या बहुउद्देशीय समाजमंदिराच्या प्रकाशयोजनेचा विचार बहुधा गिलावा आटोपल्यावर शिल्लक रकमेच्या बेताने केला जातो, ही खेदाची बाब होय. परिणामी छतभर एकाच बटणावर लागणारे पांढरे चौकोनी दिवे बसतात. वाचनास ते पुरतात, परंतु वधूवरांच्या मुखावरील कांती त्यांखाली लोपते, आणि पडद्यावर चित्र दाखवावयाचे तर साऱ्या सभागृहात काळोख करावा लागतो.

अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी १९५२ साली सर्वत्र पसरलेला सौम्य प्रकाश, विशिष्ट स्थळी दृष्टी नेणारा केंद्रित प्रकाश आणि नेत्रांस उल्हसित करणारी तेजाची क्रीडा अशी जी त्रिविध विभागणी मांडली, ती अशा वास्तूस आजही यथार्थ लागू पडते. कारण हे तीन प्रकार स्वतंत्र सर्किटांवर घेतले, व्यासपीठालगतची आणि खिडक्यांलगतची ओळ निराळी ठेवली, तर दिवे न वाढविताही प्रसंगानुरूप प्रकाश पालटता येतो. सजावटकारांच्या दिव्यांकरिता निराळा वीजपुरवठा हवा, हेही ओघाने आलेच.

प्रकाश मंद करण्याच्या बाबतीत मात्र आपल्या व्यवसायात मोठी गफलत होते. मापकानुसार दहा टक्क्यांवर उतरविलेला दिवा डोळ्यांस सुमारे तीस टक्के उजळ भासतो. यास्तव तेथेच थांबणारा स्वस्त ड्रायव्हर नाटकास किंवा चित्रपटास निरुपयोगी ठरतो, आणि निविदेतच एक टक्क्यापर्यंत, तेही न लुकलुकता, उतरणाऱ्या ड्रायव्हरची अट घालणे इष्ट होय.

डाली पद्धतीत १६ प्रकाशरचना साठविता येतात, म्हणून त्या साऱ्या भरण्याचा मोह आवरावा. रात्री सभागृहाची किल्ली ज्या शिपायाच्या हाती असते, त्याच्याकरिता भिंतीवर सभा, लग्न, नाटक आणि सफाई अशी मराठीत लिहिलेली चार बटणे पुरेशी आहेत. त्याला ती उमगली नाहीत, तर महिन्याभरात सारे दिवे पूर्ण तेजाने जळू लागतात आणि आपली सारी योजना कागदावरच राहते.

म्हणून व्यवसायबंधूंस आमची आग्रहाची विनंती अशी की, प्रत्येक प्रसंगाचा प्रकाश जागेवर जुळवून देणे आणि शिपायास तो वापरावयास शिकविणे, या कामांची अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब लिहावी. मंजुरीच्या वेळी कात्री लागणारच असेल, तर ती झुंबराला लागू द्यावी.