साबण कुठल्या पक्षाचा?

न्यू जर्सीची भाची सुट्टीला आली की आमच्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या वस्तूवर संक्रांत येते. मागच्या खेपेला तिने नॉनस्टिक तवा मोडीत काढला.  यंदा तिची वक्रदृष्टी टूथपेस्टवर पडली.

"मामा, ही कंपनी कुणाला पैसे देते माहितीये तुला?"

"अगं, मी तिला देतो, एवढंच माहितीये."

तिकडे म्हणे यासाठी अ‍ॅप असतं. 'गुड्स युनाइट अस' नावाचं. ब्रँडचं नाव टाकायचं, की त्या कंपनीच्या गोटातून रिपब्लिकनांना किती टक्के गेले आणि डेमोक्रॅटांना किती, ते समोर येतं. त्याआधी २०१४ साली 'बायपार्टिझन' निघालं होतं, ते तर बारकोडवरूनच साबणाची जात काढायचं. अमेरिकेत राष्ट्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला थेट पैसे द्यायला कंपन्यांना १९०७ पासून बंदी आहे. पण कंपनीच्या राजकीय समित्या आणि साहेबलोकांनी स्वतःच्या खिशातून दिलेल्या देणग्या यांची नोंद जाहीर असते. तिच्यावरून हा हिशोब मांडतात.

"मग तुमच्या टूथपेस्टचं काय निघालं?"

"दोन्हीकडे. जवळजवळ निम्मे निम्मे."

"मग?"

"मग काय, तीच आणते. चव आवडते."

तरीही आपल्याकडे असं अ‍ॅप हवंच, असं टुमणं तिने लावलं. मी म्हटलं, बाई गं, आपल्याकडे यादी होऊन गेली. निवडणूक रोखे! स्टेट बँकेतून रोखा घ्या, हव्या त्या पक्षाला द्या, नाव गुलदस्त्यात. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये निवडणूक आयोगाने नावं जाहीर केली. पहिला नंबर फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. दुसरा मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी.

आता सांगा, मी बहिष्कार घालू कशावर? पहिली कंपनी लॉटरीवाली. मी आयुष्यात लॉटरीचं तिकीट घेतलेलं नाही. शिवाय तिने तृणमूल, द्रमुक आणि भाजप या तिघांनाही दिलेत, म्हणजे रागवायचं तरी कुणाच्या बाजूने? दुसरी कंपनी आमच्या ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम करते. बोगदा काही वाण्याकडे मिळत नाही, की हा नको, त्या कंपनीचा दाखवा. यादीत औषध कंपन्याही आहेत. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली बीपीची गोळी घ्यायची, की आधी रोख्यांचा हिशोब मागायचा? तेवढ्यात बीपी कुठे जाईल!

"निदान दुकान तरी बघून निवड," भाची म्हणाली आणि मला ओढत आमच्या किराणावाल्या शेठच्या दुकानात घेऊन गेली.

आमच्या शेठच्या गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली एक तार लोंबते. तिला वर्गणीच्या पावत्या टोचलेल्या. गणपती, दहीहंडी, नवरात्र. शिवजयंती तारखेची एक, तिथीची एक. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांवर वेगवेगळ्या भाऊंचे, दादांचे, साहेबांचे फोटो. सगळ्यांचे हात जोडलेले.

"शेठ, तुम्ही नक्की कुणाचे?" भाचीने सरळच विचारलं.

शेठ साखर जोखता जोखता म्हणाले, "ताई, पूर्वी बरं होतं. मग धनुष्यबाणवाले दोन झाले, घड्याळवाले दोन झाले. मंडळं पण दोन दोन झाली. माझं दुकान मात्र एकच राहिलं."

"मग जास्त कुणाला देता?"

"ज्यांची पोरं संध्याकाळी सातला येतात त्यांना. दुकानात गिऱ्हाईक असताना घासाघीस करता येत नाही. दुपारी येतात त्यांची निम्म्यात बोळवण."

एवढं स्वच्छ राजकीय विश्लेषण मी निकालाच्या रात्री कुठल्याच चॅनेलवर ऐकलेलं नाही. आणि पारदर्शकता बघा. जे उघड करायला न्यायालयाचा आदेश लागला, ते शेठ तारेला टांगून ठेवतात. लोकशाहीसाठी नव्हे हं. एकदा देऊन झालेलं मंडळ पुन्हा आलं, की बोट दाखवायला.

भाचीला मात्र हे पटेना. "म्हणजे यांना स्वतःचं मतच नाही?" असेलही. ते मतदानाच्या दिवशी शटर अर्धं ओढून जातात आणि बोटाला शाई लावून परत येतात. आत काय दाबलं, ते त्यांच्या सौभाग्यवतींनाही कळत नसावं. गल्ल्यावर बसल्यावर मत परवडत नाही, एवढंच.

माझी तक्रार वेगळीच आहे. गोविंदा वर चढायला लागले की शेठची तूरडाळही वर चढते आणि दसऱ्यानंतरच खाली उतरते, असा मला जुना संशय आहे. विचारलं, तर शेठ पावसाकडे बोट दाखवतात. माझा संशय खरा असेल, तर आमच्या गल्लीतल्या यच्चयावत पक्षांचा देणगीदार मीच. पावती तेवढी शेठच्या नावावर फाटते.