पोराने रिमोट रंगवला



मंगरूळपीर तालुक्यातील एका माउलीचे पत्र मागच्या महिन्यात आले. अक्षर मुलीचे, बोलणे आईचे. "भाऊ, आमचं पोट्टं बारावी झालं. पोलीस भरतीची तयारी करतो म्हणते, अन् दिवसभर त्या गेमच्या डब्ब्याले रंग मारत बसते. घरात वास कोंडते. लहान्या नातीले खोकला सुटला. आम्ही जिंदगीभर निंदलं-खुरपलं ते याच्या हाती पुस्तक यावं म्हणून. आता हा रंगारी होते का?"

पत्रात दोन काळज्या आहेत, वासाची आणि हाताची. फ्लेक्स येईपर्यंत मी स्वतः पाट्या आणि जयंतीचे बोर्ड रंगवून पोट भरले, त्यामुळे घरी बसून उत्तर लिहिणे बरे वाटले नाही. रविवारी विहारातली वंदना आटोपून एस.टी. धरली.

घर दोन खोल्यांचे. पुण्याला कामाला असलेल्या मामाने जुना प्लेस्टेशन टू आणून दिलेला. हे यंत्र जपानमध्ये २००० साली निघाले, जगभर पंधरा कोटींहून जास्त खपले, आणि २०१३ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे आज ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते जुनेच, घासलेले आणि ओरखडलेले असणार. नवे घेण्याची ऐपत नाही, म्हणून पोराने आहे त्यालाच नवे करायला घेतले. हातात धरायच्या भागाला मुले रिमोट म्हणतात. मीही तेच म्हणतो.

त्याने रिमोट माझ्या हाती दिला. निळा. मी उजेडात फिरवून पाहिला. एका कडेला ओघळ होता, पण बाकी पृष्ठ सपाट. "घासला किती?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "आधी चारशे नंबर, मग हजार नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात बुडवून." हे त्याला गावातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजवर उभे राहून कळले होते. बंधूंनो, रंगकामात रंग मारणे हे शेवटचे आणि सोपे काम. खरे काम त्याच्या आधीचे. मागचे बारीक स्क्रू काढायचे, आतली पट्टी, रबरी गाद्या आणि थरथरणाऱ्या दोन मोटारी जशा होत्या तशा एका ताटात मांडून ठेवायच्या. रिकामे कवच साबणाच्या पाण्याने धुवायचे, कारण वर्षानुवर्षांच्या घामाच्या तेलकटपणावर रंग धरत नाही. मग घासणे, आणि पुन्हा पुसणे. पुसायला मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए चालते. थिनर चालत नाही.

थिनरचे मी अनुभवाने सांगतो. त्या वेळी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम घरोघर आले होते. पांढुरके प्लास्टिक काही वर्षांत पिवळे पडायचे. आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनची द्रव्ये घातलेली असतात, उन्हाने आणि हवेने त्यांचा रंग बदलतो, त्यामुळे ते धुऊन जात नाही. मी भाच्याचा गेम चकचकीत करतो म्हणालो आणि एन.सी. थिनरच्या बोळ्याने पुसला. प्लास्टिक लोण्यासारखे मऊ झाले, माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर कायमचा उमटला. भाचा आता दोन लेकरांचा बाप आहे, अजून ऐकवतो.

पोराने थिनर टाळला होता. प्लास्टिकचा प्रायमरही मारला होता, म्हणून काळ्यावर निळा उठून दिसत होता. आता त्याचे काय चुकले ते सांगतो.

स्प्रे त्याने घरात मारला. पुढच्या खोलीत, दार लोटून, का तर बाहेर धूळ. त्याच खोलीच्या कोनाड्यात तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. संध्याकाळी तिथे मेणबत्ती लागते. मागे गॅसची शेगडी. स्प्रेच्या डब्यात दाबाने भरलेला वायू आणि रंग पातळ करणारी द्रव्ये, दोन्ही पेट घेणारी. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता जमिनीलगत सरपटते. दोन खोल्यांच्या घरात ती शेगडीपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? आणि जमिनीलगत घरात कोण असते? रांगणारे, खेळणारे लेकरू. नातीचा खोकला तिथून आला असेल. मी डॉक्टर नाही, तिला दवाखान्यात दाखवा असे सांगून आलो. पण तोंडाला रुमाल बांधला की झाले हा पोराचा समज मी तिथेच मोडला. रुमालाने फार तर थेंब अडतात, वाफ अडत नाही. काम उघड्यावरच, वाऱ्याकडे पाठ करून, लेकरे दूर ठेवून.

दुसरी गोष्ट शिशाची. केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. गाड्यांचे आणि यंत्रांचे रंग या नियमात बसत नाहीत. गॅरेजवाल्याने प्रेमाने दिलेला उरलासुरला डबा म्हणूनच रिमोटला लावू नये. रिमोट हाताला लागतो, हात तोंडाला, आणि दोन वर्षांची नात तर सरळ रिमोटच चावते. शिसे लहानग्यांच्या मेंदूला बाधते. गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून मारतात तो क्लिअर कोटही घरी आणू नका; त्यातल्या आयसोसायनेटने रंगकामगारांना दमा जडतो. साधा लॅकर स्प्रे पुरे. त्यानंतर आठवडाभर वस्तू टांगून ठेवा. हाताला कोरडे लागले म्हणजे आतून वाळले असे नाही.

धुळीचा प्रश्न मात्र खरा होता. आपल्या वाशीम जिल्ह्यात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसा तरंगतो, ओल्या रंगावर जाऊन बसतो. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी साय धरते. मे महिन्याच्या उन्हात फवारा वस्तूवर पोचण्याआधीच वाळतो आणि हाताला वाळूसारखा खरखरीत लागतो. डबा उन्हात राहिला तर फुटायची भीती ती वेगळी. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळी दहाच्या सुमारास, अंगणात पाणी शिंपडून आणि खोक्याच्या आडोशाला हे काम करावे. पातळ हात तीन-चार, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. एकच जाड हात मारला की ओघळ येतो, त्याच्या रिमोटवर आला तसा. आणि जाड थराने कवचाचे दोन भाग मिटत नाहीत, बटणे अडकतात. मोठ्या डब्याला रंगवायचे तर फक्त वरचे कवच. त्यातला वीजपुरवठ्याचा भाग उघडू नये, आणि हवा खेळायच्या फटी रंगाने बुजवू नयेत.

बोलता बोलता आजी पुढे आल्या. नातवाला दुसऱ्या रिमोटवर पंचशील ध्वज काढायचा होता, मधोमध बाबासाहेब. आजींना ते पटत नव्हते. "खाली पडते, पायी लागते, बापा." पोरगा म्हणाला, आपली ओळख दिसली पाहिजे. दोघांचेही मला पटले. १८८५ साली कोलंबोत हा ध्वज पहिल्यांदा फडकला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे रंग कोणीही कुठेही लावावेत. पण अंगठ्याखालचा रंग घामाने सर्वांत आधी झिजतो, हे मी रंगाऱ्याच्या नात्याने सांगितले. बाबासाहेबांचा चेहरा दोन-चार महिन्यांत अर्धा पुसलेला बघायचा का? पोरगा गप्प झाला. शेवटी पाच रंगांच्या बारीक पट्ट्या, मास्किंग टेप लावून, वरच्या कडेला, जिथे बोट घासत नाही तिथे असे ठरले. फोटो भिंतीवरच. आजींनी चहा टाकायला सांगितला.

आता हाताचे. माउली चहा देताना पुन्हा तेच म्हणाली, "आमचे हात गेले ते गेले, याचेबी जावे का?" या वाक्यामागे पिढ्या आहेत, ते मी हसण्यावारी नेणार नाही. जात ही नुसती कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. आपल्या वाडवडिलांना काम निवडता आले नाही, नाकारता आले नाही, आणि त्याचा दाम ठरवता आला नाही. दुखणे तिथे होते. ब्रश धरण्यात नव्हते. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली होती. या पोराने हे काम आपल्या आवडीने उचलले आहे. त्याने पुस्तक सोडावे असे मी म्हणणार नाही. भरतीचा अभ्यास सकाळी, रंग रविवारी, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले. आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' नावाचा दोन वर्षांचा ट्रेडही असतो. जवळ कुठे आहे याची चौकशी वाशीमला जाऊन करायला सांगितले. भरती झाली नाही तर हाती कागद असावा.

राहिला दामाचा प्रश्न, तो माउलीने शेवटी दारात विचारला. शेजारच्या गल्लीतल्या दोघांनी आपापले रिमोट आणून ठेवले होते, "आपलाच पोरगा आहे, करून देईल" म्हणून. प्रायमर, रंग, लॅकर आणि पेपरचा पहिला खर्च चारशे ऐंशी रुपये झाला होता, म्हणजे माउलीच्या निंदणाच्या दोन दिवसांच्या मजुरीइतका. एका संचात चार रिमोट होतात. मी तिथेच वहीच्या पानावर हिशेब मांडला: सामानाचे एकशे वीस, एका रिमोटला लागलेल्या पाच तासांचे दोनशे. पोरगा म्हणाला, ओळखीचे आहेत, तीनशे वीस कसे मागू? आईने पान त्याच्या हातून घेतले आणि बाहेरच्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवले.