ताज उलटं नाहीये!

मुंबईचं ताज हॉटेल उलटं बांधलंय, ही गोष्ट आता कृपा करून बंद करा. आमच्या धरमतरला तर चांगली शिकलेली माणसंही ती शपथेवर सांगतात. इंग्रज आर्किटेक्ट प्लॅन देऊन विलायतेला गेला, आपल्या लोकांनी प्लॅन उलटा धरला, साहेब परत येऊन बघतो तर हॉटेलची पाठ समुद्राकडे... मग त्याने वरूनच उडी मारली म्हणे!

मंडळी, जरा डोकं चालवा की. १८९८ ला काम सुरू झालं, १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. पाच वर्षं दगडावर दगड चढतोय आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे हे एकालाही कळलं नाही? धरमतरला खाडीकाठी साधी शेड टाकणारा माणूससुद्धा आधी पाणी कुठून येतं ते बघतो! दार शहराच्या बाजूला ठेवलं ते मुद्दाम. गिऱ्हाईक घोडागाडीतून शहराकडूनच येणार, असा सरळ हिशोब असावा. समोरचं गेटवे तेव्हा नव्हतंच, ते खुलं झालं १९२४ ला. आज जिथे स्विमिंग पूल आहे ना, ती मूळची पुढची बाजू. रिक्वायरमेंट नंतर बदलली, डिझाइन चुकलं नव्हतं.

पण माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच कारणाने. मूळ आराखडा इंग्रजाचा नव्हताच! तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरने ते पुरं केलं. आतला तो प्रसिद्ध जिना सोराबजी रतनजी काँट्रॅक्टर यांचा. म्हणजे गोष्टीत साहेब हुशार आणि आपले लोक गाढव. प्रत्यक्षात प्लॅन काढणारेच आपले.

शिकागोचं १८८९ चं ऑडिटोरियम घ्या. हॉटेल, थिएटर, ऑफिसं, सगळं एकाच इमारतीत. त्याचे अॅडलर आणि सलिव्हन आपल्याकडची आर्किटेक्चरची पोरंसुद्धा पाठ करतात. वैद्यांचं नाव किती जणांना सांगता येईल? आमच्या धंद्यातही कोड एकाचा आणि टाळ्या शेवटचा रिलीज करणाऱ्याला, हे चालतंच. पण तिथे निदान कमिट लॉग तरी असतो.

गाईड लोकांना पोटापाण्यासाठी मसाला लागतो, ते एक वेळ समजू शकतो. पण शाळेच्या सहलीत बाईंनीच मुलांना ती उडी रंगवून सांगावी?